चौसष्टचा बिराजदार

“मला एकसष्टात घ्या, पुराणिक,” बिराजदारअण्णा म्हणाले. “एवढंच मागतो. बाकी संघ तुम्हाला हवा तसा करा.”

एप्रिलातली रविवारची दुपार होती. उर्दू शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात एका लांब टेबलाभोवती आम्ही तिघे बसलो होतो: मी, शिवशरण बिराजदार आणि त्या वर्गाचे धनी बागवान मास्तर. टेबलावर पुठ्ठ्याची दोन कार्डे होती. दोन्हींवर नाव एकच, साल तेवढे वेगळे. त्यांतले एक थोड्याच वेळात फाडले जायचे होते, आणि कोणते फाडायचे हे ठरवण्याची पाळी माझी होती.

ही गोष्ट १९८६ सालची. सोलापुरात एके काळी गिरण्यांच्या संघांमध्ये ‘गिरणी ढाल’ नावाची क्रिकेटची स्पर्धा होत असे. खालची गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या क्रीडाखोलीतल्या एकोणीस वह्या रद्दीत निघाल्या आणि बागवान मास्तरांनी त्या उचलून आणल्या. एक वही म्हणजे एक हंगाम. १९५१ पासून १९६९ पर्यंत. चेंडूगणिक नोंद, शाईची, सुवाच्य. मी जिल्हा न्यायालयात नकलनवीस. दुसऱ्यांचे लिहिलेले बिनचूक उतरवून काढणे हा माझा पोटाचा धंदा. त्या वह्या पाहिल्यावर मला जे झाले ते मी कोणाला नीट सांगू शकलो नाही. मास्तर आणि मी दोघेही सत्तरनंतर या गावात आलेले. त्या स्पर्धेतला एकही सामना आम्ही पाहिलेला नव्हता. आम्हाला वह्या पुरत होत्या.

त्यांतून आम्ही खेळ रचला. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक हंगामाचे एक कार्ड, कार्डावर छत्तीस घरे. एक लाल फासा, एक पांढरा. लालचा आकडा आधी वाचायचा, पांढऱ्याचा मागून, आणि त्या घरात जे लिहिले असेल ते मैदानावर घडले असे मानायचे: निर्धाव, एक धाव, चौकार, झेल, त्रिफळा. घरे किती आणि कशाने भरायची हे गणित माझे. त्यांत अक्षरे भरायची ती मास्तरांनी, बोरूने, लग्नपत्रिकेवर काढावीत अशी.

अण्णा आमच्यात आले ते नंतर. खालच्या गिरणीत त्यांनी सव्वीस वर्षे माग चालवला होता आणि तिच्याच संघातून ते चेंडू टाकत असत. वह्यांत ज्यांचे नाव आम्ही शेकडो वेळा वाचले होते तो माणूस एके दिवशी सायकल ढकलत शाळेच्या फाटकाशी आला. सायकलवर बसण्याइतका दम त्यांच्या छातीत उरला नव्हता. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले होते की छातीत कापूस बसला आहे आणि तो आता निघायचा नाही.

दोन वर्षे आम्ही भांडत खेळलो. कोणी एखाद्या फलंदाजाला अठ्ठावन्न सालचा म्हणून घ्यावे, तो चालेना म्हणजे त्रेसष्टचा घ्यावा. सामना अर्ध्यात थांबे. शेवटी मी नियम केला. पेटीत कायमचे बावीस खेळाडू राहतील. एका खेळाडूचा एकच हंगाम. तिघांनी पाळीपाळीने निवडायचे, निवडीची कारणे उभे राहून वाचायची, आणि कार्ड पेटीत पडले की त्या खेळाडूची बाकीची सगळी कार्डे तिथेच फाडायची. स्वतःचा हंगाम स्वतः निवडता येणार नाही. ज्याला निवड फिरवता येते तो मुळात निवडतच नाही, असे मी त्या वेळी म्हटल्याचे आठवते. मास्तरांनी ते वाक्य कौतुकाने फळ्यावर लिहून ठेवले होते.

एकवीस झाले होते. बाविसावे अण्णा, हे ठरलेलेच होते. पात्र ठरण्याइतके चेंडू त्यांनी दोनच हंगामांत टाकले होते. एकसष्ट साली एकतीस बळी, सरासरी साडेचौदा. चौसष्ट साली अडतीस बळी, सरासरी आठ पूर्णांक नऊ दशांश.

“अण्णा,” मी म्हणालो, “चौसष्टचं कार्ड या पेटीतलं सर्वांत भेदक कार्ड आहे. एकोणीस वर्षांत इतकी कमी सरासरी दुसऱ्या कोणाची नाही. ते टाकून मी एकसष्टचं घेऊ? कारण काय?”

“कारण असंच.”

“असंच हे कारण नव्हे.”

“एकसष्टात माझं लग्न झालं.”

मास्तर हसले. “हे लिहा की ओ वकीलसाहेब. चेंडू वळत होता कारण नवरी घरात होती.” मी वकील नव्हतो, ते मला चिडवण्यासाठी तसे म्हणत.

“लग्न आकडेवारीत बसत नाही,” मी म्हणालो.

अण्णांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मग ते म्हणाले, “चौसष्टात पाऊस लांबला होता. मैदानं ओली होती. कुणीही घेतले असते.”

मी वहीच उघडली. “त्या वर्षी इतर नऊ गोलंदाजांची सरासरी एकवीस आहे. म्हणजे नेहमीपेक्षा दीड धावेनं वाईटच. पाऊस तुमच्या एकट्यावर पडला?”

“पंच आमच्या गिरणीचे असायचे.”

“अडतीसांत पायचीत दोन. उरलेले त्रिफळा नाहीतर झेल. झेल पंच धरत नाहीत.”

“समोरचे संघ लेचेपेचे होते.”

“त्याच फलंदाजांनी तुमच्या जोडीच्या गोलंदाजांना धुऊन काढलंय. आकडे वाचू?”

“नको.” त्यांनी कार्ड बोटाने जरा दूर सारले. मग हळू आवाजात म्हणाले, “घरच्या मैदानावरचे न् बाहेरचे वेगळे मोजा की.”

“कार्डात मैदान नसतं, अण्णा. वहीतही नाही. कोणता सामना कुठे झाला हे लिहायची पद्धतच नव्हती त्यांची. आणि बाकीच्या एकवीस जणांचं वेगळं मोजलेलं नाही, तर तुमचंच का?”

मास्तर अस्वस्थ झाले होते. “एवढं मागतायत तर द्या की ओ. कोर्ट आहे का हे?”

“कोर्ट असतं तर रदबदली चालली असती,” मी म्हणालो. वाक्य मला आवडले. ते आवडल्याचेही मला स्पष्ट आठवते.

अण्णांनी चौसष्टचे कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेले. त्यांचे बोट घराघरातून फिरत खाली आले आणि शेवटच्या घरावर थांबले. “सहा-सहाच्या घरात हे काय लिहिलंय?”

“‘पुन्हा टाका’.”

“आणि पुन्हा सहा-सहा पडले तर?”

“तर फलंदाज जखमी, निवृत्त. कार्डाच्या मागे आहे बघा. त्या हंगामात एक नोंद आहे, शेवटच्या सामन्यातली. न. येमूल, निवृत्त, जखमी, एक्केचाळीस. तुम्ही वर्षभरात तेराशेच्या आसपास चेंडू टाकलेत आणि त्यांत हे एकदा घडलंय. दोनदा सहा-सहा पडण्याचा संभव बाराशे शहाण्णवांत एकदा. छान जुळलं.”

“छान जुळलं,” अण्णा म्हणाले. “म्हणजे कधीतरी पडणार.”

“पडायलाच हवं. नाही पडलं तर कार्ड खोटं.”

त्यांनी कार्ड टेबलावर पालथे ठेवले आणि हात मांडीवर घेतले. मी उभा राहिलो, निवडीची कारणे क्रमाने वाचली, सात होती, आणि चौसष्टचे कार्ड पेटीत टाकले. मग एकसष्टचे उचलून मधोमध फाडले, ते तुकडे जुळवून पुन्हा फाडले. मास्तरांनी बोरूने काढलेला एकसष्टातला ‘एक’ माझ्या अंगठ्याखाली आला होता. अण्णांनी ते चार तुकडे मागून घेतले, सदऱ्याच्या खिशात घातले आणि सायकल ढकलत निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

“तुमचं जिंकणं फार वाईट असतं, पुराणिक,” मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला वकीलसाहेब म्हटले नाही.

बुधवारी दुपारी मास्तरांचा निरोप कचेरीत आला: अण्णांनी अंथरूण धरले आहे, आणि तुम्हालाच बोलावले आहे, एकट्याला.

अण्णांचे घर गिरणीच्या चाळीत, दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर ते उशांना टेकून बसले होते. आडवे झाले की श्वास कोंडे. त्यांची बायको निंगव्वा मोरीशी भांडी घासत होती. मला पाहून तिने पदर सारखा केला.

“बसा की ओ साहेब. तीन दिवस झाले, तुमचंच नाव घेतात. काय खेळता म्हणे तुम्ही तिथं?”

“निंगव्वा,” अण्णा म्हणाले, “जरा शेजारी जाऊन बस.”

“मी बसले तर काय होतंय? साहेब काय परके आहेत?”

“जा म्हटलं ना.”

ती गेली, पण उंबऱ्यापलीकडेच बसली. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अण्णांनी दोनदा श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. मध्ये मध्ये थांबत ते बोलले. मी ते तसेच्या तसे लिहीत नाही.

त्या काळी खेळपट्टीवर काथ्याची चटई अंथरत. मॅट म्हणायचे तिला. चहूकडून ताणून खिळे ठोकायचे, म्हणजे चेंडू सरळ येतो. चौसष्ट सालच्या पहिल्या सामन्याआधी खालच्या गिरणीचा कप्तान, माग खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, होता तो, अण्णांना पहाटे मैदानावर घेऊन गेला. मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा एक हातभर तुकडा त्याच्याकडे होता. नाल्याकडच्या टोकाला, चांगल्या टप्प्याच्या जागी, त्याने तो तुकडा मॅटखाली आडवा सरकवला आणि वरून मॅट ताणून घेतली.

“दिसत नव्हता?” मी विचारले.

“पायाखाली आला तर कळला असता. पण खेळपट्टीवर चालतं कोण? बोटाएवढा जाड आणि चार बोटं रुंद. त्याच्यावर चेंडू पडला की घोड्यासारखा उधळायचा. जॉबर म्हणाला, जागा फक्त तुला माहीत, शिवशरण. जमेल तेवढे त्याच्यावर टाक.”

“आणि तुम्ही टाकलेत.”

“टाकले की. षटकात एखादा. जास्त टाकले असते तर संशय आला असता. माझा टप्पा चुकत नव्हता हो पुराणिक. तेवढी एक गोष्ट खरी होती. चार बोटांवर चेंडू पाडणं सोपं नाही.” एवढे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले आणि लगेच विझले. “शेवटचा सामना वरच्या गिरणीशी. आमच्याच मैदानावर. नरसय्या येमूल म्हणून पोरगा होता. बावीस वर्षांचा. कसला खेळायचा! एक्केचाळीसवर गेला. जॉबर माझ्याजवळ आला न् म्हणाला, आता काय पूजा करतोस का त्याची? मी पळत आलो. पट्ट्यावरच टाकला. वरच्या कडेवर पडला असणार, एवढा कधीच उडाला नव्हता. डोळ्यावर लागला.”

बाहेर बांगड्यांचा आवाज थांबला होता.

“डावा डोळा त्याच दिवशी गेला. उजवा चार महिन्यांनी त्याच्या मागं गेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. विणकर माणूस तो. त्यानंतर मी चेंडू हातात धरला नाही. पासष्टच्या वहीत मी का नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाही.”

मी खरोखरच विचारले नव्हते. पासष्टात त्यांचे चेंडू नव्हते, म्हणून कार्ड नव्हते. माझ्या दृष्टीने बाब तिथे संपली होती.

“त्याला माहीत आहे?”

“पट्ट्याचं? नाही. जॉबर मेला. मी सांगितलं नाही. बावीस वर्षं दर सोमवारी त्याच्याकडे जातो. बसतो. आता तुमच्या खेळातल्या गोष्टी सांगतो, त्याला करमतं. प्रत्येक सोमवारी ठरवून जातो, आज सांगायचं. न् चहा पिऊन परत येतो.”

अशा वेळी मी नियमांकडे वळतो. “एकसष्टचं कार्ड मी पुन्हा तयार करतो. वही आहे. मास्तरांना समजावतो.”

“एकसष्ट मागितलं ते त्या वर्षाचे एकतीस माझे स्वतःचे होते म्हणून. मेल्यावर कुठंतरी तेवढा बिराजदार राहिला असता. पण ते मागणं म्हणजे चौसष्टातून पळणंच होतं.” त्यांनी माझे मनगट धरले, हात तापाने कढत होता. “मला पेटीतनं काढा, पुराणिक. एकसष्ट नको, चौसष्ट नको. माझं कार्डच नको तिथं. फाडून टाका, माझ्या डोळ्यांदेखत. एकवीस ठेवा, नाहीतर दुसरा कोणी घ्या. तुमचा खेळ, तुमचा नियम, तुम्हीच काढू शकता.”

आज मी त्या क्षणाकडे पाहतो तेव्हा वाटते, हो म्हणायला एक अक्षर लागले असते. पेटी शाळेत होती; सायकलने दहा मिनिटांची वाट. कार्ड आणून त्या माणसापुढे फाडायला अर्धा तासही लागला नसता.

मी म्हणालो, “मला आधी हे तपासावं लागेल.”

“तपासणार?” त्यांनी हात सोडला. “मी सांगतोय की.”

“तुमची आठवण बावीस वर्षांची आहे, अण्णा. तुम्ही आजारी आहात. कदाचित त्या एका अपघातामुळे सगळाच हंगाम तुम्हाला खोटा वाटत असेल. पट्टा खरोखर असेल तर बळी घरच्या मैदानावर जास्त पडलेले दिसतील, बाहेर कमी. ते दिसलं तर कार्ड बाद. नाही दिसलं तर तुम्ही स्वतःवर अन्याय करताय.”

ते हसले, हसण्याचा खोकला झाला. “तपासा,” ते म्हणाले. “पण लवकर तपासा.”

निंगव्वा उंबऱ्यात उभी होती. माझ्याकडे न पाहता ती आत आली आणि त्यांची पाठ चोळू लागली.

गुरुवारी मी रजा टाकली. नगर वाचनालयाच्या पोटमाळ्यावर स्थानिक दैनिकाचे जुने गठ्ठे होते. सामने कुठे झाले हे तिथेच मिळणार होते. चौसष्ट सालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. सामने नऊ. गुरुवारी चार सापडले, शुक्रवारी दोन. शुक्रवारी संध्याकाळी माझ्यापाशी सहा सामने होते आणि त्यांवरून सगळे लख्ख दिसत होते. घरच्या चार सामन्यांत सत्तावीस, बाहेरच्या दोनांत दोन. कोणाही शहाण्या माणसाने तिथून उठून थेट चाळ गाठली असती. पण सहा म्हणजे नऊ नव्हेत. शनिवारी मी पुन्हा गेलो. दुपारी चारच्या सुमारास राहिलेला शेवटचा सामना सापडला, आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली चार ओळींत. एका फुलस्केप कागदावर मी तक्ता आखला. घरी पाच सामने, दोनशे सात धावांत चौतीस बळी. बाहेर चार सामने, एकशे एकतीस धावांत चार. घरची सरासरी सहाच्या आसपास, बाहेरची पावणेतेहतीस. बार्शीच्या मैदानावर, जिथे बाहेरगावचा एकमेव सामना झाला होता, चाळीस धावांत एक.

अण्णा खरे बोलले होते. रविवारी सकाळी जाऊन त्यांना तसे सांगायचे मी ठरवले. तक्ता शाईने पक्का केला, खाली सही केली, तारीख घातली. पेटी शाळेतून काढून घेतली आणि कॅरियरला बांधली.

चाळीच्या तोंडाशी मास्तर उभे होते. डोक्याला रुमाल बांधलेला.

“पहाटे गेले,” ते म्हणाले. “काल संध्याकाळी दोनदा विचारलं म्हणे, पुराणिक आले का. वहिनी म्हणाल्या, येतील. कुठं होता तुम्ही?”

“वाचनालयात.”

मास्तरांनी मान हलवली. मी काय शोधत होतो ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नाही.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अण्णांना पाटावर बसवले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पाठीशी दोरी बांधून ताठ केलेले. इतके ताठ बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. निंगव्वाने माझ्याकडे एकदा पाहिले. तिला त्या दिवशी उंबऱ्यापलीकडून सगळे ऐकू गेले असणार. मी कागद काढला नाही.

दफनभूमीवर खड्ड्यात त्यांना बसवले, लोकांनी बेलाची पाने टाकली, माती लोटली. मंडळी पांगू लागली तेव्हा एक मुलगी एका माणसाला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आली. विशीच्या आतबाहेरची, विणकर घरातली, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. माणूस चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, काळा चष्मा लावलेला, खांदे अजून खेळाडूचे.

“तुम्ही पत्तेवाले पुराणिक ना?” तो म्हणाला. “मी नरसय्या येमूल. वरच्या गिरणीचा. अण्णा तुमचं फार सांगायचा. म्हणायचा, कागद बघितल्याशिवाय आपलं नावसुद्धा सांगत नाही हा माणूस.”

मी नमस्कार केला. तो त्याला दिसला नाही.

“सोमवारी आला होता,” येमूल म्हणाला. “नेहमी यायचा. पण ह्या सोमवारी कसातरीच बसला. म्हणाला, नरसय्या, त्यांनी मला चौसष्टात घेतलं. जसं काय फाशी दिलं. मी म्हटलं, वेडा का रे तू? चौसष्टच पाहिजे की! एकसष्टात मी नवा होतो, तरी तुला उभा फोडायचो. चौसष्टात तुला कोण खेळत होतं?”

तो हसला. मुलगी बापाच्या बाहीवरची माती झटकत होती.

“तुम्ही त्याचं काही ऐकलं नाही, ते बरं केलं साहेब. लोकांचं काय, बावीस वर्षं झाली, लोक म्हणतात, बिचारा नरसय्या, मॅटवर चेंडू उसळला, नशीब फुटकं. मला राग येतो. नशीब नाही ओ ते. उसळला म्हणजे काय, आपोआप उसळला? तो चेंडूच तसा होता. सोलापुरात तसा चेंडू टाकणारा एकच माणूस होता, आणि त्या वर्षी त्याच्यापुढं एक्केचाळीसपर्यंत मी एकटा टिकलो. दुसऱ्या कुणाचे वीस नाहीत. बरोबर ना?”

“बरोबर,” मी म्हणालो. ते तरी खरे होते.

“पेटीत राहील ना तो?”

पेटी सायकलच्या कॅरियरला बांधलेली होती, दहा पावलांवर.

“राहील.”

“चौसष्टचाच?”

“हो.”

“नंतर कुणी बदलेल.”

“बदलता येत नाही. नियम तसा आहे.”

त्याने समाधानाने श्वास सोडला. “किती होते हो त्या वर्षी? तुमच्या तोंडून सांगा. तो स्वतः कधी सांगायचा नाही.”

माझा हात सवयीने खिशात गेला. मी कागद बाहेर काढला, उलगडला, आणि तो उलगडल्यावरच मला उमगले की मी काय करतो आहे. पण तो माणूस वाट पाहत होता.

“अडतीस,” मी वाचले. “सरासरी आठ पूर्णांक नऊ.”

“आठ पूर्णांक नऊ.” त्याने ते तोंडात घोळवले. “आणि बार्शीला? बार्शीला जाऊन आलेले आमचे लोक म्हणायचे, घरच्याच मैदानावर चालतो तो, बाहेर काही नाही त्याच्यात. मी भांडायचो त्यांच्याशी. किती घेतले त्यानं बार्शीला?”

तक्त्यातली ती ओळ खालून तिसरी होती: चाळीस धावांत एक. मुलगी आता माझ्या शेजारी उभी होती आणि तिची नजर कागदावर होती. अक्षर माझे आहे, कोर्टातले. कोणालाही वाचता येते. तिचे डोळे ओळीवरून उजवीकडे गेले, खालच्या बेरजांवर उतरले, आणि पुन्हा वर आले. मग तिने माझ्याकडे पाहिले.

“सात,” मी म्हणालो.

“सात!” येमूल म्हणाला. त्याने दंडावरचा मुलीचा हात चाचपून घट्ट धरला. “ऐकलंस? बार्शीला सात. खरंच लिहिलंय ना गं तिथं?”

तिने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिले.

“होय, नायना,” ती म्हणाली. “सातच लिहिलंय.”